फकीरभाईंची नडगी

बीडच्या बसस्थानकामागे फकीरभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. चोवीस वर्षं ते ट्यूब पाण्यात फिरवत आले. बुडबुडा दिसला की तिथं बोट, मग कानस, सोल्युशन, ठिगळ. गळणारी वस्तू त्यांना बघवत नाही. नळ ठिबकला तरी जेवण सोडून उठतात, असं त्यांच्या पत्नी अस्माभाभी सांगतात.

ट्रकखालचा जॅक घसरला आणि त्यांची उजवी नडगी मोडली. शस्त्रक्रिया झाली, पण हाडात पू झाला. तो काढताना हाडाला अंगठ्याएवढा खड्डा पडला. संभाजीनगरच्या डॉक्टर मोहिनींनी त्यात एक जेल भरलं. ते अजून चाचणीतलं होतं. जेल हळूहळू विरघळणार, त्यात मुरवलेलं औषध जागच्या जागी सुटत राहणार आणि मोकळ्या होत जाणाऱ्या जागेत हाड वाढणार. नाही वाढलं तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, हेही त्यांनी सांगितलं. फकीरभाईंनी सही केली. विरून जाणाऱ्या वस्तूनं हाड भरतं, हे मात्र त्यांना पटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पाणी झिरपू लागलं. नितळ, बिनवासाचं. औषध वाया चाललं, असं त्यांना वाटलं. अस्माभाभी बाजारात गेल्या तेव्हा फकीरभाईंनी जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि नडगीवर गच्च आवळली. गळती थांबली. दोन दिवस ते समाधानात होते. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, अंगात ताप भरला.

डॉक्टरांनी पट्टी कापली.

"हे कुणी बांधलं?"

"मीच. गळत होतं ना."

"गळू द्यायचं, फकीरभाई. जेल विरघळताना पाणी सुटतंच. ते कोंडलं तर पुन्हा पू होईल."

"चोवीस वर्षांत आमी कुणाला गळू द्या म्हणलं न्हाई, म्याडम."

"आता यांचे हात बांधा," अस्माभाभी म्हणाल्या. "पाय ऱ्हाऊ द्या मोकळा."

जखम धुतली. पाय वाचेल की नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं नाही. त्यानंतर रोज सकाळी अस्माभाभी जखमेवरची कापडी पट्टी सोडत. ती ओली निघाली की दोघांना बरं वाटे. पुढे ती कोरडी निघू लागली, तेव्हा फकीरभाईंनी घाबरून फोन केला. जेल संपत आलं असेल, असं डॉक्टर म्हणाल्या.

पाचव्या महिन्यातल्या एक्स-रेमध्ये खड्ड्याच्या कडा पांढुरक्या होऊन एकमेकींना भिडल्या होत्या. जेलचा मागमूस नव्हता. पाय राहणार होता. अस्माभाभींनी ते दोनदा विचारून घेतलं. बाहेर येऊन फकीरभाईंनी टपरीवर दोन चहा सांगितले, अस्माभाभींना बाकावर बसवलं आणि स्वतः उभ्यानं प्याले.