छत्रीचं टोक

मी तेव्हा कर्जतच्या कचेरीत कारकून होतो. नव्या कायद्यानं वकिलांच्या दलालांना आवारात बंदी झाली, आणि तिथला एक जुना दलाल फाटकाबाहेर चिंचेखाली उभा राहू लागला. पूर्वी तो खेड्यातले पक्षकार आपल्या ठरलेल्या वकिलाकडं नेऊन दस्तुरी घेई. आता फाटकाबाहेरही कुणा पक्षकाराशी बोलताना दिसला तरी शिपाई पकडत. म्हणून कुणी विचारलं की तो छत्रीचं टोक त्या वकिलाच्या घराकडं वळवी आणि आभाळाकडं बघत राही.

मला एकदा हसू आलं, तर म्हणाला, "रावसाहेब, बंदी मला हाय, छत्रीला नाय."

एका सकाळी डोंगरावरची एक म्हातारी आली.

"लाकडं तोडली म्हणून पोराला धरलंय रं. चांगला वकील कुठं ऱ्हातो?"

त्यानं छत्री वळवली, पण या वेळी उलट बाजूला. तिकडच्या कौलारू घरातला वकील दलालांना दारात उभं करत नसे. मग दलाल आभाळाकडं बघू लागला. म्हातारीला ही खूण ठाऊक नव्हती. तीही आभाळाकडं बघू लागली.

शिपाई फाटकातून निघालेला त्याला दिसत होता.

"त्या कौलारू घरात जा, आये," तो मोठ्यानं म्हणाला.