दाजींचं रक्त काय म्हणालं

आमच्याकडं ‘औषध घेतलं’ म्हटलं की ऐकणारा हातातलं काम टाकून पळत सुटतो. ताप-खोकल्यावर आम्ही गोळी घेतो. औषध पिकावर मारायचं असतं, आणि ते माणसानं घेतलं म्हणजे संपलंच. हे माझ्या आक्काला काय माहीत नव्हतं? पण नवरा डोळ्यांदेखत पडल्यावर बाई शब्द निवडत बसेल का!

कंधारकडं तिचं शेत. त्या दिवशी सोयाबीनवर फवारणी काढली होती. सकाळी दाजी उठायलाच तयार नाहीत. “जरा पित्त झालंय,” एवढंच म्हणाले. आक्कानं पित्ताचं ते गुलाबी औषध चमचाभर पाजलं आणि वर तोंडही सोडलं, “कामाच्या दिवशीच बरं होतं तुम्हाला पित्त!” दाजी गुपचूप पंप पाठीवर घेऊन निघाले. बांधावरच कोसळले, तोंडाला फेस आला. दीर धावत आला, “वहिनी, काय झालं?”

“सकाळी औषध घेतलं हो त्यांनी!”

झालं. शेजारी पंप पडलेला, तोंडाला फेस, आणि बायको स्वतःच सांगतेय. जीप कंधारला पोचायच्या आत गावभर झालं, की बायकोच्या जाचापायी ह्यानं औषध घेतलं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा जीव गेलेला होता. विषाचा संशय म्हणून दाजींना नांदेडला नेलं.

मी लातूरला ब्लाऊज शिवते. मशीन तशीच सोडून नांदेड गाठलं. शवागाराच्या बाहेर आक्काची सासू तिच्याकडं पाठ करून बसली होती. “तोंडानं मारलं माझ्या लेकाला,” एवढंच घोकत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “अहो मावशी, पित्ताचं औषध पाजलं तिनं!” कोण ऐकतंय! आक्काला कायमचं घराबाहेर काढायचं, हे तिथंच ठरलं.

पण मला खरी भीती वाटली ती आक्काची. तिनं हळूच विचारलं, “मी बोलले म्हणून तर त्यांनी शेतात जाऊन… न्हाई ना गं?” तिच्या तोंडात साखर-पाणी जाईना.

मी तडक शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना गाठलं आणि भांडल्यासारखं सगळं सांगितलं. भला माणूस, ऐकून घेतलं. म्हणाले, “विषाची तपासणी होईल, तिला वेळ लागेल. पण हृदयाची एक वाहिनी बंद दिसतेय. स्नायूवर मात्र नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून स्नायूचा तुकडा आणि रक्त तपासायला घेऊन ठेवलंय.”

मेलेल्या माणसाचं रक्त काय सांगणार, कप्पाळ! मी मनात म्हटलं.

अहवाल यायला पोळा उलटून गेला. तोवर आक्का माझ्याकडंच होती. काजं-बटनं करायची आणि मधेच सुई धरून थांबायची. शेवटी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. सासू, दीर, आम्ही दोघी, सगळे गेलो.

डॉक्टर म्हणाले, “विष कुठंच नाही. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं एक द्रव्य असतं. स्नायू मरायला लागला की ते रक्तात उतरतं. यांच्या रक्तात ते भरपूर होतं.”

मी कसली गप्प बसते! “मेल्यावर तर सगळंच झिरपत असेल की, साहेब!”

ते हसले. “बरोबर बोललात. म्हणूनच रक्त हृदयापासून लांब, मांडीच्या शिरेतून घेतलं. लवकर घेतलं. तरीही एकट्या त्यावर भरवसा ठेवत नाही आम्ही. बंद वाहिनी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला स्नायू आणि हे रक्त, तिन्ही एकच सांगतात. हार्ट अटॅक.”

कच्च्या रंगाचं कापड भिजवलं की पाण्यात रंग उतरतो, तसं काळीज रक्तात उतरलं होतं. दाजींचा श्वास थांबला, आम्ही सगळ्यांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं, आणि एवढा वेळ ते रक्त आपलं म्हणणं धरून बसलं होतं. देवासमोर जोडावेत तसे माझे हात आपोआप जोडले गेले. ते डॉक्टरांना जोडले की दाजींच्या रक्ताला, मला अजून सांगता येत नाही.

मग डॉक्टरांनी एक सांगितलं. “एवढं द्रव्य रक्तात यायला काही तास जातात. त्रास बहुतेक रात्रीच सुरू झाला असावा.”

आक्का एकदम ताठ झाली. “रात्री? रात्री तर ते हसून जेवले. मी झोपले तरी ते जागेच होते. मला वाटलं, उकडतंय म्हणून बसलेत.” आणि मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं. “एवढं दुखत होतं तर मला उठवायचं होतं! मला का न्हाई सांगितलं?”

सासू खुर्चीतून उठली. मला वाटलं, आता ही पुन्हा काहीतरी लावून बोलणार. मी पदर खोचून तयारच. तर ती म्हातारी आक्काच्या पुढ्यात खाली फरशीवर बसली आणि तिचे दोन्ही गुडघे घट्ट धरले.

“मलाबी न्हाई सांगितलं गं त्यानं,” ती म्हणाली. “मी बाजूच्याच खोलीत होते.”