कॉइल ओट्यावर होती, जीप चालू झाली

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चिकलठाण्याच्या एका कंपनीत बारा वर्षं वायरिंग तपासतेय. करंट कुठून येतो आणि कुठं तुटतो, एवढं नक्की कळतं. म्हणूनच हे लिहिताना लाज वाटतेय...

आमचं घर छावणीत, बाजाराच्या मागं. अंगणात अण्णांची, म्हणजे वडिलांची, जुनी पेट्रोल जीप. अण्णा सहा वर्षं अंथरुणावर होते. सगळं मी केलं. थोरला भाऊ, माझा दादा, पुण्याला, दिवाळीत दोन दिवस यायचा. तरी मी घास भरवताना अण्णा विचारायचे, "थोरल्याचा फोन आला का?"

शेवटी शेवटी त्यांनी एकच मागितलं – जीपचा आवाज ऐकायचाय. मी ड्युटीवरून आले की बॉनेट उघडायची. पॉइंट घासले, गॅप लावला, कंडेन्सर नवा टाकला, प्लग बदलले. स्पार्कच येईना. शेजारचे जुने मिस्त्री सलीमचाचाही थकले. "सब बराबर है बेटा, पन स्पार्कच नै आरा."

आतून अण्णा म्हणाले, "तुझ्यानं नाय व्हायचं. थोरल्याला येऊ दे."

आवाज न ऐकताच ते गेले. दादा अग्नी देऊन परतला, तो थेट तेराव्याला आला.

त्या दिवशी सकाळीच मी स्पार्क तयार करणारी कॉइल काढून मीटरवर तपासली होती. ती मेलेलीच होती. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. दुपारी पंगत उठली, दादा सहज जीपमध्ये जाऊन बसला. "अरे, तिला कॉइल..." मी म्हणेपर्यंत त्यानं चावी फिरवली.

पहिल्या सेल्फला इंजिन लागलं!

माणसं धावत बाहेर आली. आत्या रडायला लागली, "बघा, लेकाला ओळखलं अण्णांनी." मी आणि चाचांनी बॉनेट उघडलं. कॉइलची जागा रिकामी, वायरी लोंबत होत्या, आणि इंजिन एका लयीत चालत होतं. चाचांनी पुढं केलेला हात मागं घेतला. "इसकू हात नक्को लगाव, बेटा."

पाचेक मिनिटांनी दादानं बंद केली. हसून म्हणाला, "एवढंच होतं? तुम्ही लोक इतके दिवस काय करत होतात?"

मी आत जाऊन उष्टी काढली.

नंतर कंपनीत दोघातिघांना विचारलं. तापलेलं इंजिन चावी काढल्यावरही थोडं फडफडतं, म्हणाले. पण हे थंडगार होतं, कित्येक महिने बंद! मग म्हणाले, तुझंच बघण्यात चुकलं असेल. चाचांचंही चुकलं?

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. अण्णांनीच केलं, असं आत्या म्हणते. तसं नसू दे, एवढंच वाटतं. कारण ते गेल्यावरही, त्यांना आवाज ऐकायचा होता म्हणून, तेराव्यापर्यंत मी रोज संध्याकाळी चावी फिरवत होते.