आईचा दुसरा बाप्तिस्मा

माझ्या आईचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती चाळीस दिवसांची होती. नाशकातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये पाळकांनी तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं आणि तिने भोकाड पसरलं, असं घरात सांगतात. तेवढ्या पाण्यावर तिने चौऱ्याहत्तर वर्षं निर्धास्त काढली. मग आमच्या कॉलनीतल्या एका हॉलमध्ये नवी फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेची मंडळी, सुरू झाली. गुडघ्यांमुळे जुनं चर्च लांब पडायला लागलं होतं, म्हणून आई तिथे जाऊ लागली. तिथल्या तरुण पास्टरने तिला सांगितलं, "आजी, शिंपडलेलं चालत नाही. पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय तारण नाही, स्वर्ग नाही."

झालं! मातोश्रींची झोप उडाली.

मला राग आला की मी बायबल उघडते, प्रार्थनेला नाही, भांडायला. पास्टर घरी आला तेव्हा चहाचा कप हातात देतानाच मी विचारलं, "प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराला कुठल्या पाण्यात बुडवलं होतं हो? तो तर त्याच दिवशी सुखलोकात गेला."

"तो अपवाद होता, ताई."

चोराला सूट आणि माझ्या आईला नाही, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण आई म्हणाली, "जाऊ दे गं. एकदा बुडी मारली की सुटले."

माझं खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते आईसमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. बाबांनी बाप्तिस्मा कधी घेतलाच नव्हता. ते सिन्नरकडच्या हिंदू शेतकरी घरातले. दर रविवारी आईला स्कूटरवरून चर्चला न्यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, गाणी तोंडपाठ म्हणायचे. पाळकांनी विचारलं की म्हणायचे, "घेतला तर माझी आई माझ्या हातचं पाणी पिणार नाही. तिला दुखवून मिळणारा स्वर्ग मला नको." आजी गेल्यावर पुन्हा विषय निघाला, तेव्हा म्हणाले, "आता घेतला तर तिच्या मरणाची वाट बघत होतो असं होईल." दोन वर्षांपूर्वी ते तसेच गेले. पास्टरचं खरं मानायचं, तर माझे बाबा कायमचे बुडाले. आणि आई त्या पाण्यात उतरली की तिनेही ते कबूल केल्यासारखं होणार होतं.

बाप्तिस्मा पिंपळगाव बसवंतला होता, फेलोशिपमधल्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेततळ्यात. "तळ्याचा तो प्लास्टिकचा कागद शेवाळाने किती घसरडा होतो माहितेय ना? तारण राहील बाजूला, खुबा मोडेल," मी गाडीत सारखी बडबडत होते. आई खिडकीबाहेर बघत होती.

तळ्यात लोखंडी शिडी सोडली होती. साडीवर पांढरा झगा घातलेली आई शिडीचा दांडा धरून काठावर उभी राहिली. पास्टर छातीएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने हात पुढे केला. "या आजी, घाबरू नका."

आई हलली नाही. "पास्टर, एक विचारू? आमच्या ह्यांनी कधी घेतला नाही. ह्यांचं काय?"

काठावर गाणी म्हणणारी फेलोशिपची मंडळी थांबली. पास्टर वाईट माणूस नव्हता, त्याला खोटं बोलवेना. "त्यांना संधी होती, आजी," तो हळूच म्हणाला.

मी तोंड उघडलंच होतं. किती महिन्यांपासून शोधून ठेवलेली बायबलमधली वचनं जिभेवर तयार होती. आईने नुसता हात वर करून मला गप्प केलं. तिला एकाही वचनाची गरज पडली नाही. झग्याची गाठ सोडता सोडता ती पास्टरला म्हणाली, "एवढी वर्षं ह्यांनी मला दर रविवारी देवाच्या दारात आणून सोडलं. आता ह्यांना बाहेर ठेवून मी एकटी आत जाऊ? तुम्ही म्हणता तसाच देव असेल, तर त्याला सांगा, मी ह्यांच्याजवळ बाहेर बसेन."