पुलावरची उडी

माझ्या पुतणीला घरात सगळे सुई म्हणतात. बारीक आहे आणि टोचते. तिची कंपनी माझ्या घराजवळ, म्हणून तीन वर्षं माझ्याकडेच राहते. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम.

तिचे वडील म्हणजे माझे थोरले बंधू. ते फोनवर म्हणायचे, "खेळायचा पगार मिळतो? आणि तू ते ऐकून घेतोस?" मीही आधी तसंच म्हणत होतो. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलो. खुर्चीत बसून होतं त्याला मी काम मानत नव्हतो. मग एक दिवस ती घरून काम करत होती तेव्हा तिच्या मागे जाऊन बसलो.

पडद्यावर पाऊस, दोरांचा पूल आणि एक बाई. सुईने बाईला पुलाच्या मध्यावर नेलं, उडी मारायला लावली. काही झालं नाही. परत अलीकडे आणलं. परत उडी. जेवणापर्यंत एकशे चाळीस उड्या झाल्या. तिने मान वर केली नाही. जेवणानंतर तिसऱ्या उडीला बाई फळ्यांतून आरपार खाली गेली आणि खेळणाऱ्याने तोवर कमावलेलं सगळं पुसलं गेलं.

"सापडली!" मी ओरडलो.

"सापडली होतीच, काका. मागच्या महिन्यातच कळवलीय. किती वेळा होतं ते बघतेय."

त्यांच्याकडची रीत अशी, की एकदा कळवलेली चूक पुन्हा कळवली तर नोंद बाद आणि कळवणाऱ्याला एक शेरा. सहा शेरे झाले की करार संपला. साहेबाने पहिल्याच नोंदीवर "क्वचित घडते" असं लिहून विषय मिटवला होता. सुईने नवे आकडे काढून पुन्हा कळवलं. मग पुन्हा. पाच शेरे जमले.

"आता पुरे कर," मी म्हणालो.

"पूल मोडका आहे, काका."

लेथवर माप चुकलेला जॉब मीही पुढे सोडला नसता. तिने सातव्यांदा कळवलं. सहावा शेरा आला. महिना संपला तशी नोकरी संपली, आणि गेम मोडक्या पुलासकट बाजारात गेला.

पुढच्या रविवारी माझे जावई आले, ते चपला काढतानाच तापलेले.

"तीस तासांची मेहनत पाण्यात, बाबा! पुलावर गेलो आणि सगळं साफ!"

खेळण्याला मेहनत म्हटलेलं मी गिळलं.

"आता गेम विकायचे आणि लोकांनीच दुरुस्त करून घ्यायचे, असा धंदा झालाय यांचा. तपासणारे काय झोपा काढत होते? सुई, तू याच लाइनमधली ना? एवढंही दिसत नाही का तुम्हा लोकांना?"

मी तोंड उघडलं. सुईने माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. कुठल्या गेमवर काम केलं ते कुणाला सांगायचं नाही, नोकरी सुटल्यावरही नाही, अशा कागदावर तिची सही आहे. मला कळलं तेही त्या दिवशी तिच्या मागे बसून बघितलं म्हणून.

"दिसत असेल, भाऊजी," ती म्हणाली. "पाऊस चालू असताना पुलावर उडी मारू नका. चालत जा. पडणार नाही."

"तुला काय माहीत?"

"कुठेतरी वाचलं."

जावयांनी तिथेच बसून ते इंटरनेटवर टाकलं. वर कंपनीच्या तपासनिसांना चार शिव्या. संध्याकाळी घरी पोचून त्यांचा फोन आला, "बाबा, हजारो लोक आभार मानताहेत माझे!"

"छान," मी म्हणालो. खरं सांगायची सोय नव्हती. सही तिची, आणि दावा लागला तर तोही तिच्यावरच.

फोन ठेवला तेव्हा सुई टेबलावर दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरत होती. आतापर्यंत कोणकोणत्या गेमवर काम केलं, असा रकाना होता.

"काका, इथे काय लिहू?"

मी चष्मा लावला, रकाना दोनदा वाचला. लेथवर होतो तेव्हा मला असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कारखान्याचं नाव सांगून मोकळा झालो असतो.

"बाकीचं भरून घे आधी," मी म्हणालो.

"बाकीचं भरलंय," ती म्हणाली.