मी नव्हतो त्या खिंडीत

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, तेव्हा लिहिण्यात कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. आणि भूतखेत, चकवा, अंगात येणं — यातलं मी काहीच मानत नाही. आमच्या झाडीपट्टीत रोज कुणीतरी असली कहाणी घेऊन यायचं आणि मी ती अर्धी ऐकून घोरायला लागायचो. पुढं तर यंत्रांवरच पोट भरलं. आमचे गॅरेजमालक तात्या म्हणायचे, गाडी बंद पडायला तीनच कारणं असतात. पेट्रोल नाही, करंट नाही, नाहीतर ड्रायव्हरला अक्कल नाही. चौथं कारण नसतं.

बारा वर्षं झाली, मी ते चौथं कारण शोधतोय.

मूळचा मी चांदा जिल्ह्यातला, ब्रह्मपुरीकडचा. वडील बांबूचं काम करायचे — टोपल्या, सुपं, कणग्या. ते गेले आणि माझी शाळा सुटली. एका नातेवाइकाच्या ओळखीनं दोन दिवस रेल्वेत बसून लोणावळ्याला आलो, तात्यांच्या गॅरेजात. घाट चढून आलेल्या मोटारी तापायच्या, क्लच जळायचे, त्यामुळे काम भरपूर. तात्यांनी मला शिकवलं, टायरांच्या खोलीत झोपायला जागा दिली. दुसऱ्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, मला घरात नेऊन एकवीस दिवस पेज पाजली. माझी आई इतक्या लांबून येऊच शकली नसती. हे उपकार आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तात्यांना एकच मुलगा, विनू. सोळा वर्षांचा, गोरा, अंगानं भरलेला, आणि गाडीचं भयंकर वेड. घरची जुनी काळी मोटार होती ती तो आधी आवारात, मग गावाबाहेर वळवण धरणापर्यंत चालवायला लागला. सगळ्या लोणावळ्यानं बघितलं होतं. विम्याचा एजंट तात्यांना हसत हसत सांगून गेला होता, की पोरगं स्टेअरिंगवर असताना काही झालं तर कंपनी एक पैसा देणार नाही. आणि फॉर्मावर त्याचं वय लिहिलं तर कंपनी एकतर विमाच घेणार नाही, नाहीतर हप्ता असा चढवेल की गाडी विकून भरावा लागेल. मग फॉर्मावर ड्रायव्हर म्हणून माझं नाव पडलं. मी नुकताच अठराचा झालो होतो. त्याच महिन्यात तात्यांनी मला पुण्याला नेऊन लायसन काढून दिलं. मी तिथंच त्यांच्या पाया पडलो होतो.

सहासष्ट-सदुसष्टची गोष्ट असेल. दिवाळी होऊन आठवडा झालेला, पवना धरणाचं काम चालू होतं. तात्या कामाला पुण्याला गेले होते. विनूनं जेवण झाल्यावर गाडी काढली आणि एकटाच धरण बघायला निघाला. कामशेतहून तिकोणा पेठेकडं जाताना मधे खिंड लागते. तिथल्या वळणावर एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येत होती. गाडीचा धक्का तिच्या पायाला बसला आणि गाडी चरात गेली. विनू दार उघडून पळाला. कामशेतला गाडी ओळखणारे लोक, म्हणून आडवाटेनं कान्हे स्टेशन गाठलं आणि तिथून लोकलनं परत आला. धक्का बसला तेव्हा दुपारी दोनचा सुमार होता.

हे मला रात्री कळलं. दोन वाजता मी गॅरेजात, पुण्याच्या एका डॉक्टरांच्या गाडीखाली पाठीवर पडलो होतो. एक वाजल्यापासून जवळजवळ पाचपर्यंत. डॉक्टर स्टुलावर बसून पेपर वाचत होते. पैसे देताना ते म्हणाले, "मधे तासभर हाका मारत होतो रे तुला, साधी ओ नाही दिलीस." मी ओशाळून हसलो. क्लचमधे डोकं घातलं की मला ऐकू येत नाही, असं सांगितलं.

डॉक्टर अजून होते तेवढ्यात विनू आला. चिखलानं भरलेला, तोंड उतरलेलं. मी हात पुसत पुढं झालो तसा तो मागं सरकला आणि तेलाच्या पिंपावर आपटला. "तू इथं कसा?" एवढंच म्हणाला आणि घरात पळाला. मला वाटलं, ताप चढलाय.

रात्री तात्या पुण्याहून आले, विनूनं रडत सगळं सांगितलं. मग मला जेवायला घरात बोलावलं. काकूंनी माझ्या भातावर न विचारता तुपाची धार धरली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मागणार आहेत. तात्यांनी हुकूम केला नाही. समजावून सांगितलं. विनू होता म्हटलं तर कंपनी हात वर करणार. बाईची भरपाई त्यांच्या अंगावर येणार आणि गॅरेज जाणार. मी होतो म्हटलं तर लायसन आहे, कोर्टात दंड होईल, कंपनी भरपाई देईल.

"बाईलाही मिळेल आणि आपणही राहू," ते म्हणाले. "तू काय म्हणतोस?"

मी काय म्हणणार? पेज पाजलेल्या हातांकडं बघत मी मान डोलावली. पण मनात किडा शिरला. नेमकं गेल्याच महिन्यात लायसन का काढलं? फॉर्मावर नाव माझंच का? मला माणूस म्हणून सांभाळलं की स्टेपनी म्हणून? अन्न देणाऱ्याबद्दल असं मनात आलं याची लाज वाटली, पण किडा काही गेला नाही.

सकाळी तात्यांबरोबर कामशेतच्या पोलिस चौकीत गेलो. मी तोंड उघडायच्या आत हवालदार म्हणाले, "ये, तुझीच वाट बघतोय." त्यांनी तळेगावच्या दवाखान्यात जाऊन बाईचा जबाब आदल्या संध्याकाळीच घेतला होता. ड्रायव्हर काळासावळा, किडकिडीत. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. बोली इकडची नाही. पळाला नाही, मोळीतली दोन लाकडं काढून पाय बांधला, बैलगाडी येईपर्यंत शेजारी बसला.

डाव्या मनगटावरचा डाग मला रेडिएटरच्या वाफेनं दिलेला आहे.

मी तात्यांकडं बघितलं. वाटलं, बाईला पढवलंय. पण जबाब सहा वाजताचा, आणि तात्या पुण्याहून आले आठला. बाहेर आल्यावर त्यांनीच माझा दंड धरला.

"खरं सांग. तू गेला होतास त्याच्याबरोबर?"

मी म्हटलं, तात्या, डॉक्टरांना विचारा. पण डॉक्टरांना कोण विचारणार होतं? त्यांना विचारलं की आमचंच खोटं उघडं पडणार. म्हणजे मी तिथं नव्हतो याचा एकमेव साक्षीदार, आणि त्याच्याच भीतीनं आम्ही दोघं घाबरलेले.

रविवारी कुणाला न सांगता मी एकटाच तळेगावला गेलो. बाई तिकोण्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली, सोनाबाई नावाची, माझ्या आईच्या वयाची. पाय प्लास्टरात. मला बघून जराही दचकली नाही.

"आलास व्हय? बस. मला वाटलं, त्वांड लपवून बसलास."

मी विचारलं, मावशी, तुम्हाला कुणी भेटायला आलं होतं का? तात्या म्हणून?

"कोन तात्या? तुज्याबिगर कुनी न्हाई आलं." मग ती हसली. "पाय मोडला माजा आन् रडत हुतास तू. मी म्हनलं, आरं गप की, का रडतुयास? तं म्हनलास, माजी माय लय दूर हाय."

आईची आठवण येते हे मी लोणावळ्यात एका माणसाला सांगितलेलं नाही. गड्यानं असं सांगायचं नसतं.

परत आलो आणि विनूला टायरांच्या खोलीत गाठलं. आधी म्हणाला, मला काही माहीत नाही. मग दाराकडं बघत हळू आवाजात बोलला. वळणावरून त्यानं एकदाच मागं बघितलं होतं. मी बाईशेजारी बसलेलो, निळा शर्ट, पाठमोरा. त्याला वाटलं मी मागून कुठल्यातरी ट्रकनं आलो. तेवढ्याच धीरावर तो पळाला.

"मग तू माझ्या आधी कसा पोचलास रे?" त्यानं विचारलं.

तो खोटं बोलत होता का? असेलही. पळपुट्याला आधार लागतो. ज्यानं सोनाबाईला दवाखान्यात नेलं तो बैलगाडीवाला मी नंतर शोधून काढला. तो म्हणाला, बाई एकटीच होती, पाय बांधलेला होता. आता कुणावर विश्वास ठेवायचा, सांगा.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचे सर्व्हेयर आले. काळा कोट, बारीक डोळे, गोड बोलणं. गाडी बघितली, लायसनची तारीख बघितली, फॉर्मावरची तारीख बघितली आणि म्हणाले, "फारच वेळेवर निघालं हो लायसन!" मग त्यांनी बॅगेतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली — काळ्या ट्यूबच्या रबराची पट्टी. सोनाबाईचा पाय याच पट्टीनं बांधलेला होता. कंपाउंडरनं ती मधे कापली, म्हणून गाठ तशीच राहिली होती.

ती गाठ मी लांबूनच ओळखली. माझे वडील कणगीचा काठ आवळताना ओल्या बांबूच्या सालीला मारायचे ती गाठ. दोन वेढे, शेपूट आतून उलटं. ओढावं तशी घट्ट होते, नखानं सुटत नाही. गॅरेजात मी पाइप बांधायला तीच वापरायचो. बाकीचे वैतागून ब्लेडनं कापायचे आणि तिला 'चांद्याचं कुलूप' म्हणायचे. ती कुणालाच जमली नाही. विनूनं तर कधी शिकायचा प्रयत्नही केला नाही.

सर्व्हेयरनी दोन काठ्या आणि एक नवी पट्टी पुढं केली. आधी विनूला बांधायला लावलं. त्यानं बुटाच्या नाडीसारखं काहीतरी केलं. मग माझ्याकडं वळले. माझ्या हातांनी गाठ मारली, हात मला विचारायला थांबले नाहीत. दोन्ही गाठी शेजारी ठेवून त्यांनी नखानं वेढे मोजले.

"पोरानंच ठोकलीय अशी माझी खात्री होती," शेवटी म्हणाले. "एवढ्या वर्षांत माझा अंदाज चुकला नव्हता." आणि कागद पुढं सरकवला.

'मी नव्हतो तिथं' — हे शब्द अगदी जिभेवर आले होते. बोललो असतो तर माझ्या डोक्यावरचा भार उतरला असता. पण सोनाबाईला काही मिळालं नसतं आणि काकूंचं घर बसलं असतं. मी सही केली. खोटं लिहिताना हात कापतो म्हणतात. माझा कापला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढं दंड झाला, सहा महिने लायसन गेलं. कंपनीनं सोनाबाईला भरपाई दिली. विनू त्यानंतर कधीच स्टेअरिंगवर बसला नाही. पुढं तो बँकेत लागला. तात्यांनी मला अंतर दिलं नाही, पण ते माझ्याशी पूर्वीसारखं मोकळं बोलेनात. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की मीच विनूला घेऊन गेलो, मीच चालवायला दिली आणि कुठल्यातरी युक्तीनं परत येऊन डॉक्टरांच्या गाडीखाली शिरलो. आणि मला वाटत राहिलं, की हे सगळं त्यांनीच कसंतरी जुळवलं. एका ताटाजवळ बसून आम्ही दोघं एकमेकांना असे चाचपत राहिलो. गेल्या वर्षी ते वारले. त्यांना खांदा देतानासुद्धा किडा जागाच होता... देव मला माफ करो.

आता मी इथल्याच एका हॉटेलची गाडी चालवतो. दर दिवाळीनंतर एकदा सोनाबाईकडं जातो. ती लंगडत चूल पेटवते, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढते, सुनांना सांगते की ह्यो माजा पाय बांदनारा. इतकी वर्षं मी गप्प बसून जेवत आलो. यंदा राहवलं नाही. तात्या गेले, आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी सांगितलं, मावशी, त्या दिवशी मी तिथं नव्हतोच. शपथेवर सांगतो, मी लोणावळ्यात होतो.

तिनं भाकरी उलटली. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"मंग यवढी वर्सं मी भाकर कुनाला घातली?"

तिनं तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "खा. त्यो आला तं त्याला बी घालीन."