सखाराम कोतवाल आणि पाण्याची तालीम

सखाराम कोतवाल निरोप सांगून लगेच निघून जात नसे. दारात उभा राही आणि ऐकणाऱ्याला तो निरोप परत म्हणायला लावी. "काय सांगितलं म्या? सांगा बरं." ऐकणारा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तलाठी म्हणून मी त्या गावी रुजू झालो त्या दिवशी त्याने मलाही सोडलं नाही. शाळेत बैठक आहे, पोलीस पाटील दुपारनंतर येतील, एवढाच निरोप होता. मी मान हलवली, तरी तो जागचा हलेना. शेवटी चिडून मी सगळं परत म्हटलं, तेव्हा "बराबर" म्हणून गेला.

शहागडच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या काठावर ते गाव होतं. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. मी सव्वीस वर्षांचा आणि तो पन्नाशीचा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. त्याला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असेल. मी कधी विचारलं नाही. दवंडी देणं हे कोतवालाचं काम, पण धम्म घेतल्यापासून त्याने हलगी हातात धरली नव्हती. नियमात 'दवंडी पिटून' असं लिहिलेलं आहे, हे मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, सरकारचं काम करून राह्यलो, ते घरोघर जाऊन करतो. हलगी ऐकून मानूस नुस्ती मान हलवतंय. तोंडानं बोललं म्हंजे डोस्क्यात गेलं." एका निरोपाला त्याचे तीन तास जात. गाव त्याची थट्टा करी. बायका म्हणत, सखारामदादा आला, आता धडा म्हणावा लागणार.

नदीच्या वरच्या बाजूला धरण झालं आणि आमच्याकडे नवे नियम आले. पाणी सोडण्याआधी काठच्या गावांना कळवायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकदा तालीम घ्यायची. म्हणजे पाणी येणार असं समजून खालच्या आळीतल्या माणसांना शाळेच्या टेकाडावर न्यायचं आणि तसा अहवाल पाठवायचा. तालुक्याला बैठक झाली. लोक घाबरू नयेत म्हणून ही तालीम आहे असं आधी सांगावं, असं एक साहेब म्हणाले. आधी सांगितलं तर तालीम कसली, असं दुसरे म्हणाले. मग तिसऱ्यांनी सांगितलं की अचानक तपासणीही होईल, न कळवता. आम्ही तलाठी एकमेकांच्या तोंडाकडे बघत चहा पिऊन परतलो.

तालमीचा दिवस नेमका बाजाराचा निघाला. गावात कोण असणार? मी अहवाल घरीच लिहिला. तालीम समाधानकारक पार पडली, इतकी कुटुंबं टेकाडावर नेली. खाली सखारामाची सही हवी होती. रात्रीच्या शाळेत जाऊन तो सही शिकला होता, आणि जपून करायचा. कागद त्याने माझ्याकडून वाचून घेतला आणि परत दिला. "झाली न्हाई ती झाली म्हनून कसं लिहू?" मी रागावलो, तरी त्याने सही केली नाही. अहवाल मी तसाच पाठवला.

पंधराएक दिवसांनी, भर दुपारी, एक शिपाई सायकलवरून चिठ्ठी घेऊन आला. पाणी सोडण्यात येत आहे, खालच्या वस्तीस तत्काळ कळवावे, इतकंच तिच्यात होतं. आभाळ कोरडं होतं. आमच्याकडे चार दिवसांत थेंब पडला नव्हता. मी शिपायाला विचारलं, हे खरं की तालीम? तो म्हणाला, मला चिठ्ठी द्यायला सांगितलीय, पुढच्या गावाला जायचंय. आणि माझ्या मनात आलं ते हे, की माझा खोटा अहवाल कुणीतरी ओळखला आहे आणि ही माझी तपासणी आहे. आता खरोखरची तालीम घेऊन दाखवावी, बैठकीत सांगितलं तसं लोकांना न घाबरवता.

सखाराम समोर उभा होता. "पानी म्हनून सांगू का तालीम म्हनून सांगू?" त्याने विचारलं. "पानी म्हनलं तर लोक धान्य उचलतेत, जनावर सोडतेत. तालीम म्हनलं तर हसतेत. मंग नीट सांगा."

"तालीम आहे, असं सांग," मी म्हणालो.

त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग घरोघर गेला, आणि प्रत्येक दारात लोकांनी 'तालीम आहे' हेच परत म्हणून दाखवलं. थोडी माणसं टेकाडावर आली, पोरं खेळली. दावणीची जनावरं दावणीलाच राहिली. दिवस मावळायच्या आत नदी खालच्या आळीत शिरली. कमरेइतक्या पाण्यातून सखारामाने म्हातारी माणसं बाहेर काढली. माणूस एकही गेला नाही. घरं पडली, धान्य गेलं, आणि गणपत नावाच्या शेतकऱ्याची बैलजोडी दाव्याला बांधलेलीच बुडाली.

चौकशीला साहेब शाळेत बसले. सगळ्या गावाने एकच सांगितलं, तालीम आहे असं कोतवाल म्हणाला. साहेबांनी सखारामाला विचारलं, तुला हे कोणी सांगितलं? तो म्हणाला, "साहेब, भाऊसाहेबांनी काय सांगितलं ते त्यांनाच परत म्हनाय लावा."

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, मी चिठ्ठी वाचून दाखवली. तालीम हा शब्द माझा नाही.

माझ्या खोट्या अहवालाचं सखारामाला ठाऊक होतं. त्याने एक शब्द काढला असता तर मी उघडा पडलो असतो. त्याने टोपी काढून हातात घेतली. तो का बोलला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आपलं कोण ऐकणार असं वाटलं? की माझ्या तोंडून खोटं ऐकून तो गोंधळून गेला? कधी मला एक वाटतं, कधी दुसरं.

त्याला कामावरून काढलं. दोन वर्षांनी वडीगोद्रीजवळ तो रस्त्याच्या कामावर खडी फोडताना दिसला. मी एसटीतून उतरून त्याच्याकडे गेलो. तालुक्याला जाऊन खरं सांगतो, असं म्हणालो. तो म्हणाला, "नौकरीचं जाऊ द्या. गाव म्हनतंय सखानं खोटं सांगून बुडवलं. पोरीला तिथंच दिलीया, तिला पानवठ्यावर ऐकाय लागतंय. एकदा गावात येऊन सांगा, बस." येतो म्हणालो. पुढे माझी वाटूरच्या बाजूला बदली झाली. बदली हे कारण नव्हतं. मी गेलो नाही. सखारामबापू गेल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यांची मुलगीही कधीच गाव सोडून गेली होती.

यंदा मी त्या गावात गेलो. ओळखणारा एक गणपतच उरला होता, ओसरीत खाटेवर बसलेला. बैलांचा विषय त्यानेच काढला. "सखानं बुडवलं बघा आम्हाला." मी त्याला सगळं सांगितलं. खोटा अहवाल, चिठ्ठी, 'तालीम आहे असं सांग' हे माझे शब्द, शाळेत मी काय बोललो ते. तो शेवटपर्यंत ऐकत होता.

मग त्याचे डोळे भरले. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "मेलेल्या मानसाचं पाप अंगावर घेऊन राह्यले तुम्ही. असा मानूस आता मिळत न्हाई."

मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि त्याने आत हाक मारली. त्याची सून डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. तिच्याकडे वळून तो म्हणाला, देवमाणूस दारी आलाय, पाया पड. ती वाकली, आणि पाय मागे घ्यायचं मला सुचलं नाही.